सोन्याचे दात, पोटाला चार भोकं

तोंड आणि पोट ही दोन वेगळी गावं आहेत, असं आमच्या ह्यांचं ठाम मत होतं. एका गावची भांडणं दुसऱ्या गावात न्यायची नाहीत. त्यामुळे पित्ताशयातले खडे दाखवायला गेलो आणि सानोबर डॉक्टर "आ करा" म्हणाल्या, तेव्हा ह्यांनी ओठ असे मिटले, जसं पोर एरंडेलाचा चमचा बघून मिटतं.

"दुखतंय पोट," हे ओठांच्या फटीतून म्हणाले. "तोंडाला काय झालंय? तोंडावर तर आमचं पोट चालतं."

त्यात खोटं काही नव्हतं. तोजिमत कर्णेवाला म्हटलं की मर्गिलान शहरात कुणीही आमचं घर दाखवेल. चौतीस वर्षं लग्न असो, सुन्नत असो, बाळाला पाळण्यात घालायचं असो, दारात पहिला कर्णा ह्यांचाच. पुरुषभर उंचीहून लांब पितळी कर्णा, बरोबर एक सनई आणि दोन डफ. हे फुंकायला लागले की गल्लीतल्या चिमण्या दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड हलवतात.

आणि त्या तोंडात वरच्या रांगेत सहा दात सोन्याचे. ते काही किडले होते म्हणून नव्हे. आमच्या लग्नाच्या वेळी चांगल्या धडधाकट दातांवर सोनं चढवलं होतं. तेव्हा पद्धतच होती तशी. नवरदेव हसला की व्याह्यांना कळलं पाहिजे, घर खातंपितं आहे. मीही त्या हसण्याला भुलले, खोटं कशाला बोलू. पण पुढे नाकापेक्षा मोती जड झाला. सोन्याच्या कडा वर्षानुवर्षं हिरड्यांत रुतत गेल्या, हिरड्या वांग्यासारख्या जांभळ्या पडल्या, आणि नान चावला की नानावर रक्त दिसायला लागलं. त्यावर ह्यांचा इलाज काय, तर चिमूटभर नोस हिरडीपाशी दाबून ठेवायची. हिरव्या तंबाखूने हिरडी बधिर व्हायची आणि हे म्हणायचे, "बघ, बरी झाली." मी कितीदा दातांच्या कण्या केल्या, की दाखवून या कुणाला तरी. ऐकतील तर शपथ.

सानोबर डॉक्टर वयाने आमच्या थोरल्या मुहय्योएवढ्या, पण नजर सासूची. त्यांनी कागद पाहिला.

"तोजिमतअका, तीन महिन्यांची साखर साडेदहाच्या वर आहे. अशा साखरेवर ठरवून ऑपरेशन करणार नाही मी. जखम चिघळली तर? आता तोंड उघडा."

ह्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. मग मीच म्हणाले, "मुहय्योचे दादा, उघडा की! पोरीच्या वयाच्या बाईसमोर काय लाजताय?" आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. थोरल्या लेकीचा बाप म्हणून हाक मारायची, आणि त्या हाकेत घालायचा तो राग घालायचा.

तोंड उघडलं. डॉक्टर किंचित मागे सरल्या. नोसचा वास आणि आणखी कसलातरी, मी रोज उशीशेजारी घेत होते तो.

"ओपा," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं त्या मला म्हणाल्या, "ह्या तोंडात पू आहे. अंगात एवढा पू राहिला की साखर खाली येत नाही, आणि साखर चढी असली की हिरडी बरी होत नाही. दोघं एकमेकांना धरून बसलेत. नुसत्या हिरड्या साफ करून साखर पळून जाणार नाही, खोटी आशा लावत नाही मी. पण थोडी उतरेल. बाकीची ह्यांनी नोस आणि चहातली खडीसाखर सोडून उतरवायची. आधी दातवाल्याकडे जा."

"आणि लग्न?" ह्यांनी विचारलं.

"कुणाचं लग्न?"

"माझ्या धाकटीचं, झिलोलाचं. नोव्हेंबरात. दारात कर्णा मी फुंकणार आहे."

हे काही नुसतं म्हणणं नव्हतं. अख्ख्या मोहल्ल्यात ह्यांनी डांगोरा पिटला होता, की माझ्या लेकीच्या दारात दुसऱ्या कुणी कर्ण्याला तोंड लावलं तर त्याचं तोंड फोडीन. थोरलीच्या, मुहय्योच्या लग्नात ह्यांनी असा फुंकला होता की दहा वर्षं झाली तरी चायखान्यात त्याच्या गोष्टी निघतात. धाकटीला कमी पडलं तर लोक काय म्हणतील? खरं सांगायचं तर लोक काही म्हणणार नव्हते. ह्यांच्याच काळजाला ते लागलं असतं, आणि ते मला ठाऊक होतं.

दातवाला इल्योस म्हणजे तिसऱ्या गल्लीतला पोरगा, आता डोक्यावर टक्कल पडलेला. त्याने सोन्याच्या कडेशी बारीक सळई घातली आणि ती आत जातच राहिली.

"अका, हे सोनं कापून काढावं लागेल. त्याशिवाय मुळापर्यंत हात पोचत नाही."

हे खुर्चीतून ताडकन उठले. "अरे, तुझ्या सुन्नतीला मी कर्णा फुंकला! तू किंचाळत होतास ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दुप्पट फुंकला! आणि तू आज माझे दात उपटतोस?"

"उपटत नाही, अका. वरचं सोनंच काढतोय. आता सांगा, फुंकताना वरचे दोन दात हलतात ना?"

हे खाली बसले. इतकी वर्षं माझ्यापासून लपवलेली गोष्ट त्या टकल्याने एका सळईने बाहेर काढली. दात हलत होते. सूर थरथरायला लागला होता, आणि हे तो दोष कर्ण्याच्या मुखाच्या तुकड्यावर ढकलत होते. मागच्या हिवाळ्यात तीन वेळा तो तुकडा बदलून आणला होता.

"असंच ठेवलं तर लग्नापर्यंत ते दोन गळतील," इल्योस म्हणाला. "मग ओठ कशावर टेकवणार?"

त्यावर ह्यांनी आपणहून आ केला.

चार खेपा झाल्या. सोनं उतरलं. हिरड्या बधिर करून मुळांपर्यंत खरवडून साफ केल्या. सोन्याखालचे चार दात, देवाची करणी, चांगले निघाले, पिवळट पण घट्ट. हलणारे दोन त्याने शेजाऱ्यांना तारेने आणि कसल्याशा लेपाने बांधले. निघालेल्या सोन्याचं काय करायचं, हा प्रश्न ह्यांनी एका दमात सोडवला: सोनाराकडून झिलोलासाठी कानातली.

"दादा!" झिलोला किंचाळली. "तुमचे दात मी कानात घालू? सासूबाई विचारतील, कुठून आणलीस, तर काय सांगू, बापाच्या तोंडातून?"

"वितळवल्यावर सोनं ते सोनं."

"त्याने चौतीस वर्षं लसणाची लोणची खाल्लीयत!"

ते सोनं मग मीच उचलून कपाटात ठेवलं. बापलेकीचं भांडण दोन दिवस चाललं.

नोस सुटता सुटेना. पहिला आठवडा हे घरात असे फिरत होते की मांजरसुद्धा माझ्या मागे लपायचं. पण हिरड्यांतलं रक्त थांबलं. नान पांढराच राहायला लागला. आणि एका सकाळी शेजारी झोपलेल्या माणसाच्या तोंडाला वास नाही, हे जाणवून मी दचकून जागी झाले. वाटलं, कुणा परक्याच्या घरात आले की काय.

सप्टेंबरच्या अखेरीस साखर आठाच्या खाली आली. सानोबर डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, आता करू. दुर्बिणीने करायचं, पोट फाडायचं नाही, चार बारीक भोकं पाडायची.

"भोकं कुठे?" ह्यांनी विचारलं. "आणि मग फुंकायचं कधी?"

"तीन महिने नाही."

लग्नाला पाच आठवडे होते. ह्यांचा चेहरा पडला. पण हार मानतील तर ते आमचे हे कसले? त्यांच्या डोक्याने घेतलं, की भोकं कुठे पाडायची एवढाच काय तो प्रश्न आहे. फुंकायला लागत नाही अशा जागी पाडली, म्हणजे झालं. त्या संध्याकाळपासून आमच्या नवऱ्याचं पोट ही साऱ्या मोहल्ल्याची मालमत्ता झाली. उंटावरच्या शहाण्यांना काय तोटा! चायखान्यातल्या एकाने सांगितलं, बरगडीखाली पाडून घे, तिथे हाड आहे, हाड धरून ठेवतं. दुसरा म्हणाला, छे, पाठीतून जायला सांग, पाठीने कोण फुंकतं? शेजारच्या म्हातारबुवांनी सदरा वर करून आपली जुनी वीतभर शिवण दाखवली आणि म्हणाले, "एकच, पण मर्दासारखी!" मुहय्योने फोनवर कुठेतरी पाहिलं होतं, की आता बेंबीतून एकाच भोकाने करतात, व्रणसुद्धा दिसत नाही. "दादा, एकच मागा," ती म्हणाली. "चारांपेक्षा एक कमी, हे तर शाळेतलं पोरही सांगेल."

ह्यांना ते पटलं. पण डॉक्टरांना पटवायला पुरावा हवा. म्हणून पुढच्या वेळी तपासणीला जाताना हे कर्णा घेऊन निघाले.

"कुठे नेताय ते?" मी ओरडले.

"डॉक्टरीणबाईंना दाखवतो, जोर कुठून येतो ते. वैद्याला सगळं सांगावं म्हणतात."

"तोंड दाखवायला इतकी वर्षं लाजत होतात, आणि आता हे?"

दवाखान्याच्या दारवानाला वाटलं, कुणाकडे पोरगा झाला. त्याने हसत दोन्ही दारं उघडून दिली. तपासणीच्या खोलीत कर्णा तिरका धरला तेव्हा त्याचं तोंड खिडकीबाहेर अंगणात गेलं. सानोबर डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, हसल्या आणि म्हणाल्या, "सदरा वर करा. कमरेचा रुमाल सोडा. मी पोटावर हात ठेवते. एकदाच आणि हळू."

हळू! त्या माणसाला हळू हा शब्द शिकवलाच नव्हता कुणी. फुंकला. अंगणातल्या बायका उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी टाळी वाजवली. एका सुया टोचणाऱ्या नर्सने हातातलं तबक तसंच धरून खांदे हलवत गिरकी घेतली. आमच्याकडे कर्णा ऐकून अंग स्थिर ठेवणं फार कठीण जातं. दोन बाळंतिणी खिडकीत येऊन विचारायला लागल्या, नवरी कुठाय?

डॉक्टर मात्र हसत नव्हत्या. त्यांचा तळवा ह्यांच्या बेंबीवर होता.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. बेंबीतून अक्रोडाएवढा गोळा वर आला होता. श्वास सोडल्यावर तो आत गेला, जसं काही झालंच नाही.

"ते होय," हे म्हणाले. "ते सगळ्याच कर्णेवाल्यांना असतं. म्हणून तर रुमालाची गाठ बरोबर त्यावर आवळून बांधतो. आमच्या उस्तादांनीच शिकवलंय."

"म्हणजे गाठ मारून हर्निया दाबून ठेवायला शिकवलं."

"गाठ चांगली बसते," हे अभिमानाने म्हणाले.

माझं डोकं फिरलं. चौतीस वर्षं मी तो रुमाल धुतला, वाळवला, घडी घालून हातात दिला. त्याच्याखाली काय आहे ते मला माहीत नाही! ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. हिरड्यांवर नोस, बेंबीवर गाठ. दुखणं झाकलं की संपलं. मी तिथेच चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

ह्यांनी मुहय्योचं एका भोकाचं म्हणणं पुढे केलं. डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि कागदावर पोट काढलं. एक वर्तुळ, मध्ये बेंबी.

"मुहय्यो म्हणते तसं एकच भोक पाडलं तर ते मोठं पाडावं लागतं," त्या म्हणाल्या. "तेही बेंबीत, म्हणजे भिंत आधीच कमजोर आहे नेमकी तिथे. आणि ह्यांचा जोर तर तुम्ही पाहिलात. तसं मी करणार नाही. मी चार बारीक पाडीन. एक बरगड्यांच्या मधोमध खाली, दोन उजवीकडे, आणि चौथं बेंबीच्या ह्या फटीतूनच. दार आहेच उघडं, तर नवी भिंत कशाला फोडू? त्यातूनच पिशवी बाहेर काढीन आणि जाताना ते दार पक्क्या टाक्यांनी बंद करीन. दोन कामं एका वेळी. पण टाके धरायला तीन महिने. त्याआधी फुंकलात तर सगळं उसवेल."

"मग लग्नानंतर करू," हे म्हणाले आणि सदरा खाली ओढला. "महिनाभर थांबतील खडे."

"खडे कुणाची पत्रिका बघून थांबत नाहीत, अका."

"थांबवीन मी."

घरी आलो. मी दोन दिवस बोलले नाही. बोलले असते तर भिंतीला तडे गेले असते. तिसऱ्या दिवशी दुपारी झिलोला शेतावरून खरबुजं घेऊन आली, तर हे अंगणात कट्ट्याखाली मुटकुळं करून पडलेले, तोंडात सदऱ्याची कड धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. घामाने ओलेचिंब.

तिने आरडाओरडा केला नाही. बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कळ ओसरेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "दादा, तुम्ही कर्णा फुंकणार असाल तर मी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. वरात परत जाईल. आयुष्यभर तुमच्या उरावर बसून राहीन आणि रोज करपलेला पुलाव खायला घालीन."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी पण तिच्याच बाजूची. तिचा पुलाव तुम्हाला ठाऊक आहे."

हे रडले त्या दिवशी. दुखण्याने नव्हे. मला फार वाईट वाटलं, इतकं की नोसची चिमूट आणून द्यावी असंही क्षणभर मनात आलं. दिली नाही.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. तासाभरात डॉक्टर बाहेर आल्या आणि बाटलीत सतरा खडे दाखवले. दुसऱ्या दिवशी हे चालत घरी आले. तीन ठिकाणी तीन छोट्या पट्ट्या, बेंबीत एक कापसाचा बोळा. म्हातारबुवा बघायला आले आणि निराश होऊन गेले.

लग्नाचा दिवस उजाडला. कर्णे ह्यांच्या दोन शागिर्दांनी घेतले. त्याआधी दोघंही पाया पडून गेले आणि आपलं तोंड फोडणार नाही ना, हे विचारून घेतलं. मला भीती होती, की हे ऐन वेळी हिसकावून घेतील. म्हणून मी मुहय्योला तिची तीन पोरं सोडून बापाच्या शेजारी उभं केलं, पहाऱ्याला. हे नवा चापान घालून दाराशी उभे, दोन्ही हात रिकामे. त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. एकदा पोटावर ठेवले, एकदा पाठीमागे बांधले.

झिलोला बाहेर आली. बापापुढे थांबली. ह्यांनी तळवे उघडून दुवा दिली. मग कर्णे उठले, आणि सगळी गल्ली दणाणली. पोरगी दोन्ही करवल्यांच्या हाताला धरून दाराकडे निघाली, उंबऱ्याशी वळली, बुरख्याची झिरझिरीत जाळी वर केली आणि बापाकडे पाहिलं. नाक लाल झालेलं. एवढंच. मग गाडीत बसली.

हे हलले नाहीत. गाडी वळणावरून गेली, कर्णे थांबले, लोक पुलावाकडे वळले, तरी हे तिथेच.

"दुखतंय का?" मी घाबरून विचारलं. "टाके?"

"त्या अशा वळून बघतात?" हे म्हणाले.

"कोण?"

"नवऱ्या. जाताना. सगळ्याच बघतात?"

"सगळ्याच. तुम्हाला माहीत नाही? शेकडो लग्नांत वाजवलंत तुम्ही."

"कर्णा वर धरायचा असतो," हे म्हणाले. "मान मागे टाकून. मी चौतीस वर्षं आभाळ बघतोय, मुहय्योची आई. फुंकणं संपेतो गाडी गेलेली असते."

मग ते एकदम मुहय्योकडे वळले. ती तीन पोरांची आई, हातात कुणाचातरी अर्धा खाल्लेला समोसा.

"तूही बघितलं होतंस वळून?"

मुहय्योने समोशाचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "खूप वेळ, दादा. तुम्ही फार सुंदर वाजवत होतात."

ह्यांनी तिच्या हातातला समोसा काढून माझ्याकडे दिला. "घरात जा," ते म्हणाले. "आत जा आणि पुन्हा बाहेर ये."

"दादा, लोक बघतायत!"

"बघू देत. जा."

ती हसत हसत आत गेली. ओढणी डोक्यावर ओढून घेतली, पोरांना दटावून बाजूला केलं आणि गोऱ्यामोऱ्या तोंडाने, रुंद झालेल्या अंगाने अंगण ओलांडून निघाली. शागिर्दांपैकी एकाने सवयीने कर्णा उचलला. ह्यांनी हातानेच त्याला थांबवलं. उंबऱ्याशी आल्यावर ती थट्टेनेच वळली. पण वळली आणि तिचं हसू कुठल्या कुठे गेलं, कारण बाप तिच्याकडे बघत होता.